घरी किंवा शेतात दहा मीटरची एअर रायफल लेन : बंदूक, भिंत आणि शेजारी

घरात एखाद्याला नेमबाजीची गोडी लागली की महिन्या-दोन महिन्यांत एक प्रश्न उभा राहतोच. क्लब वीस किलोमीटर लांब, रोज जाणं जमत नाही, मग घरीच लेन, म्हणजे नेमबाजापासून टार्गेटपर्यंतचा सरावाचा पट्टा, का करू नये? करता येते, आणि कायद्यालाही तिची हरकत नाही. पण महाराष्ट्रात अशी लेन बंद पडते ती बहुतेक वेळा कायद्यामुळे नव्हे, तर शेजाऱ्यांमुळे. शेजाऱ्यांचा प्रश्न एकच असतो : "नेम चुकला तर छर्रा कुठं जाईल?" या प्रश्नाला तोंडी उत्तर पुरत नाही. भिंत दाखवावी लागते. म्हणून या लेखात बंदुकीपेक्षा भिंत, छर्रा अडवणारी पेटी आणि शेजार यांवर जास्त भर आहे.

आधी बंदूक कोणती ते ठरवा

शस्त्र अधिनियम १९५९ मधली 'अग्निशस्त्र' ही व्याख्या फक्त दारूगोळ्यापुरती नाही. स्फोटकानं किंवा इतर कोणत्याही ऊर्जेनं अस्त्र फेकणारं हत्यार तिच्यात येतं, म्हणजे हवेच्या दाबावर चालणारी एअरगनसुद्धा येते. सूट मिळते ती शस्त्र नियम २०१६ मुळे. बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, ०.१७७ इंच (४.५ मिमी) पर्यंत आणि नळीच्या तोंडाशी ऊर्जा २० ज्यूलपर्यंत असेल तर परवाना लागत नाही. या दोनपैकी एक जरी मर्यादा ओलांडली तरी परवाना लागतो.

नवखे लोक इथं हमखास फसतात. दुकानात किंवा ओळखीतून '०.२२ एअरगन' पुढं येते, दिसायला तशीच, किंमतही जवळपास तेवढीच. ती ५.५ मिमी बोअरची असते आणि तिला परवाना लागतो. दुसरी चूक म्हणजे स्प्रिंग बदलून 'पॉवर वाढवणं'. बिलावर २० ज्यूलच्या आत असलेली बंदूक अशा कामानंतर मर्यादेबाहेर जाऊ शकते, आणि मग ते बिल तुमच्या काही कामाचं राहत नाही. तिसरी चूक सायलेन्सरची. आवाज कमी करणारा सुटा जोडभाग कायद्याच्या व्याख्येत स्वतःच अग्निशस्त्रात मोडतो. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून तो मागवू नका. आवाज कमी करायचे साधे उपाय आहेत, ते पुढं येतील.

दहा मीटरच्या स्पर्धेतली रायफल ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला साधारण १७५ मीटर वेगानं सोडते. हिशेब केला तर ऊर्जा आठ ज्यूलच्या आसपास येते, म्हणजे परवानगीच्या मर्यादेच्या निम्म्याहून कमी. सरावासाठी ही पुरते. उगाच ताकदवान बंदूक घेतली की पेटी जाड लागते, आवाज वाढतो, आणि गुण मात्र वाढत नाहीत.

पालकांसाठी आणखी एक गोष्ट. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं कांस्यपदक मिळवलं ते ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून). ती ०.२२ ची काडतूस-रायफल. तिला परवाना लागतो आणि सराव मान्यताप्राप्त रेंजवरच होतो. घरी, मळ्यात, फार्महाऊसवर नाही. बारा बोअरच्या बंदुकीचंही तेच. आत्मसंरक्षणासाठी किंवा पीकसंरक्षणासाठी मिळालेला परवाना म्हणजे शेतात नेमबाजी करायची मुभा नव्हे. घरी जमतो तो दहा मीटर एअर रायफल आणि दहा मीटर एअर पिस्तूल, एवढाच प्रकार. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलनं २०२२ मध्ये जागतिक अजिंक्यपद मिळवलं ते याच दहा मीटर एअर रायफलमध्ये, त्यामुळे हा प्रकार दुय्यम समजायचं कारण नाही.

बंदूक घेतली की बिलावर बंदुकीचा क्रमांक, बोअर आणि मॉडेल लिहिलेलं आहे ना, ते काउंटरवरच बघा. बिल मोठ्या माणसाच्या नावावर घ्या. बिलाची प्रत, मॉडेलच्या ऊर्जेचा उल्लेख असलेलं माहितीपत्रक आणि जिल्हा रायफल संघटनेचं किंवा क्लबचं ओळखपत्र एका प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून बंदुकीच्या पेटीतच ठेवा. शंका असेल तर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत आयुक्तालयाची परवाना शाखा आणि इतर ठिकाणी जिल्हाधिकारी कार्यालय, इथं विचारावं. दुकानदार सांगतो तो कायदा नव्हे.

जागा

नेम धरायच्या रेषेपासून टार्गेटच्या कागदापर्यंत बरोबर १० मीटर. नेमबाजाला मागं उभं राहायला दीड मीटर आणि पेटीला अर्धा मीटर धरा, म्हणजे एकूण १२ मीटर, जवळजवळ ४० फूट. वाड्याची लांब पडवी, बंगल्याचा तळमजला, गोदाम किंवा रिकामा पोल्ट्री शेड यांत हे बसतं. फ्लॅटमध्ये हॉल आणि बेडरूमची दारं एका रेषेत आली तरी क्वचितच बसतं.

टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४० मीटर उंचीवर असतो. हा आकडा लक्षात ठेवा, कारण गच्चीचा बेत याच आकड्यावर मोडतो. गच्चीचा कठडा साधारण तीन ते चार फूट, म्हणजे ०.९ ते १.२ मीटर. म्हणजे तुमची नेमाची रेषा कठड्याच्या वरून जाते. पेटी चुकलेला छर्रा थेट समोरच्या इमारतीच्या खिडकीकडे जाणार. त्याशिवाय सोसायटीची गच्ची सामाईक मालकीची असते. त्यामुळे गच्चीवर लेन करू नये. कमिटीनं परवानगी दिली तरी करू नये. बाल्कनीतून समोरच्या झाडावर टांगलेल्या डब्यावर नेम धरणं तर त्याहून वाईट.

जागा निवडताना चार गोष्टी बघा. टार्गेटच्या मागं वीट-सिमेंटची अखंड भिंत हवी. पत्रा, जाळी, काच, दार किंवा जिप्सम बोर्ड चालत नाही. त्या भिंतीपलीकडं काय आहे हे तुम्हाला माहीत हवं. नेमबाज आणि टार्गेट यांच्या मधल्या पट्ट्यात उघडणारं एकही दार आतून कडी लावल्याशिवाय राहू नये. आणि लेनमध्ये यायला एकच वाट असावी, ती नेमबाजाच्या मागून.

मधलं दार हा सगळ्यात दुर्लक्षित धोका आहे. घरातली माणसं सवयीनं येतात-जातात, कामाला येणाऱ्या मावशींना सरावाची वेळ माहीत नसते, लहान मूल चेंडूच्या मागं धावतं. दाराला आतून कडी आणि बाहेर लाल दिवा, दोन्ही लावा. नुसती पाटी कोणी वाचत नाही.

जागा कमी असेल तर पाच मीटरवर अर्ध्या आकाराचं टार्गेट लावून सराव करता येतो. मात्र त्याचे गुण मोजू नका. छर्रा ४.५ मिमीचाच राहतो, टार्गेट तेवढं लहान होतं, त्यामुळे हिशेब जुळत नाही. उभं राहणं, श्वास, ट्रिगर यांच्यासाठी मात्र पाच मीटर पुरतात.

शेतात करायची असेल तर नियम आणखी कडक. उभा ऊस म्हणजे आडोसा नव्हे. छर्रा पाल्यातून पार जातो आणि पलीकडं खुरपणाऱ्या बाया दिसत नाहीत. बांधावर नेम धरायचा असेल तर बांध मातीचा, दगड वेचून काढलेला आणि माणसाच्या डोक्याच्या वर गेलेला हवा. दगडाला लागलेला छर्रा कुठल्याही दिशेला वळतो. पाणंद, विहीर, मोटारीची पेटी, जनावरांचा गोठा यांतलं काहीही समोर किंवा बाजूला तिरकं येत नाही ना, हे चालून बघा, नकाशावर नाही. छर्रा उघड्यावर दीड-दोनशे मीटर सहज जातो. एका गुंठ्याच्या अंतराचा हिशेब धरून चालत नाही. सगळ्यात चांगलं म्हणजे शेतातसुद्धा शेडच्या आत सराव करावा.

छर्रापेटी

आता मुख्य काम. पेटी दोन प्रकारची करता येते. तिरक्या पत्र्याची किंवा चिंध्यांची. शेजार जवळ असेल तर चिंध्यांची करा, कारण पत्र्याच्या पेटीचा 'ठण्ण' आवाज बंदुकीच्या 'टप्' आवाजापेक्षा कितीतरी जास्त लांब जातो. लोक बंदुकीची तक्रार करतात, पण त्यांना ऐकू येत असतो तो पत्रा.

चिंध्यांच्या पेटीला लागतं : १२ मिमी प्लायवूड, ३ मिमी जाडीची एमएस (साध्या पोलादाची) प्लेट दीड बाय दीड फूट, गोठ्यात गाईंखाली घालतात ती रबरी मॅट, आणि एक पोतं भरून जुन्या सुती कपड्यांच्या चिंध्या. जिथं ग्रिल-गेटची कामं होतात तिथं प्लेट मापाला कापून मिळते. कडा घासून घ्या, नाहीतर हात कापतो.

प्लायवूडची ४५ सेंमी बाय ४५ सेंमी तोंडाची, ३० सेंमी खोल पेटी करा. मागच्या फळीला आतून रबरी मॅट लावा आणि तिच्यावर प्लेट. प्लेट मॅटला नुसती टेकलेली असावी. स्क्रूनं थेट फळीला आवळली तर ढोल वाजल्यासारखा आवाज होतो. मग चिंध्या हातानं दाबून गच्च भरा. बटणं, चेन, हुक आधी कापून टाका. छर्रा त्यांना लागला तर परत येऊ शकतो. तोंडाला खोक्याचा जाड पुठ्ठा खिळ्यांनी ठोका आणि त्यावर टार्गेटचा कागद अडकवा. रायफलचा कागद ८० मिमी चौरस, पिस्तुलाचा १७० मिमी चौरस.

रबर तोंडाशी लावू नका. हा मोह फार जणांना होतो. कडक रबरावर आदळलेला छर्रा उलटा येतो, कमी वेगानं का होईना, पण डोळ्याला तेवढाही पुरतो. रबराचं काम मागचं, आवाज आणि धक्का खाण्याचं.

पेटी बिघडते कशी? रोज एकाच जागी नेम लागला की चिंध्यांत बोगदा तयार होतो आणि छर्रे सरळ प्लेटवर आदळू लागतात. एक दिवस आवाज अचानक मोठा झालेला जाणवतो. ५०० छर्‍यांचा एक डबा संपला की पुठ्ठा बदला, चिंध्या बाहेर काढून हलवा, उलट्यासुलट्या करून पुन्हा भरा. चांगल्या नेमबाजाची पेटी लवकर बोगदा धरते, कारण त्याचे छर्रे एकाच ठिकाणी जातात.

तिरक्या पत्र्याची पेटी करायचीच असेल तर प्लेटची वरची कड नेमबाजाकडं झुकलेली हवी, ४५ अंशांत. म्हणजे छर्रा खाली वळतो आणि तळाच्या वाळूच्या तबकात पडतो. प्लेट सरळ उभी लावली तर चपटा झालेला छर्रा आणि त्याचे कण कागदातून परत उडतात.

पेटीला भिंतीवर टांगू नका. लोखंडी किंवा लाकडी घडवंचीवर ठेवा, घडवंचीच्या पायांखाली मॅटचे तुकडे घाला आणि भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा. भिंतीला चिकटलेली पेटी आवाज स्लॅबमधून वरच्या मजल्यावर पोचवते. वरच्यांना वाटतं, कोणी खिळे ठोकतंय.

पेटीच्या मागं आणखी एक पडदा हवाच. १८ मिमी प्लायवूडची चार बाय आठ फुटांची फळी उभी करा आणि तिच्यापुढं जुनी सतरंजी किंवा गालिचा सैल सोडा. किती चूक झाकली जाते ते बघा : १० मीटरवर एका अंशाची चूक म्हणजे १७ सेंमी. चार फुटी फळी मध्यापासून दोन्ही बाजूंना ६० सेंमी झाकते, म्हणजे साधारण साडेतीन अंश. नवख्याचा पिस्तुलाचा नेम दोन अंशांनी सहज चुकतो, त्यामुळे फळीशिवाय नुसती पेटी कधीच पुरत नाही. आणि फळीच्या मागं ती वीट-सिमेंटची भिंत. शेजाऱ्याला दाखवायच्या त्या या तीन गोष्टी : पेटी, फळी, भिंत.

टार्गेटवर उजेड १५०० लक्स तरी हवा. एलईडी दिवा पेटीच्या वर, थोडा पुढं लावा आणि नेमबाजाच्या बाजूनं त्याच्यापुढं प्लेटची पट्टी बसवा. उघडा दिवा आज ना उद्या फुटतोच.

पहिला छर्रा सोडण्याआधी शेजाऱ्यांकडं

लेन तयार झाल्यावर, पण सराव सुरू होण्याआधी जा. आधी गेलात तर तुम्ही सांगायला गेलेले असता. नंतर गेलात तर सफाई द्यायला. भिंतीला भिंत लागून असलेली घरं, वरचा-खालचा मजला आणि टार्गेटच्या दिशेची सगळी घरं, एवढ्यांना सांगायचंच. शेतात असाल तर बांधाला बांध असलेले सगळे, आणि त्यांनी शेत वाट्यानं दिलं असेल तर कसणारासुद्धा. मालक पुण्यात असतो, शेतात रोज असतो तो वाटेकरी.

बंदूक घेऊन जाऊ नका. टार्गेटचा एक कागद आणि चपटा झालेला एक छर्रा खिशात न्या. ज्याच्यासाठी लेन केली त्या मुलाला किंवा मुलीला सोबत न्या. बोलणं साधं ठेवा : "काका, पोरीनं नेमबाजी सुरू केलीय, क्लबात जातेच, पण रोज जमत नाही. खालच्या खोलीत सराव करणार आहे. तुम्ही एकदा खाली येऊन जागा बघा, आणि काही खटकलं तर आत्ताच सांगा." 'बंदूक' हा शब्द टाळू नका. कोणीतरी दुसरा तो सांगणारच, आणि मग लपवल्यासारखं होतं.

शेजाऱ्यांना भीती कशाची असते ते आधीच माहीत असलेलं बरं. छर्रा अंगणात येईल ही पहिली. तिला उत्तर म्हणजे भिंत. दुसरी, आमची पोरं बघून हट्ट धरतील किंवा कोणी नसताना बंदूक हाताळतील; तिला उत्तर म्हणजे कुलूप. बंदूक कुलुपात, छर्रे दुसऱ्या कुलुपात, आणि हे कपाट त्यांना दाखवायचं. तिसरी, पक्षी आणि कुत्री मारली जातील. चौथी आवाजाची. आणि एक भीती कोणी बोलून दाखवत नाही : या घरात बंदूक आहे ही गोष्टच नकोशी वाटते. तिच्यावर युक्तिवाद करून काही होत नाही. खोली उघडी ठेवून, हवं तेव्हा येऊ देऊन ती हळूहळू जाते.

आवाजासाठी एक सोपी चाचणी करा. शेजाऱ्यांना त्यांच्याच घरात, ज्या खोलीत ते दुपारी आडवे होतात तिथं बसवा. फोन लावून ठेवा. तुम्ही खाली दहा छर्रे सोडा, प्रत्येकामध्ये दहा सेकंदांचं अंतर ठेवून. किती ऐकू आले ते त्यांनी सांगायचं. दहापैकी तीनपेक्षा जास्त ऐकू आले तर पेटी परत उघडा, मॅट वाढवा, खिडकीला जाड पडदा लावा आणि चाचणी पुन्हा करा. निवासी भागात आवाजाची कायदेशीर मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल आहे. पण शेजाऱ्याच्या कानाला चालत असेल तर मीटर कोणी आणत नाही, आणि चालत नसेल तर मीटर दाखवून काही फायदा होत नाही.

वेळ ठरवा आणि कागदावर लिहून द्या. स्पर्धेतले ६० नेम ७५ मिनिटांत होतात. आधीची तयारी धरून दीड तास पुरतो. दुपारी एक ते चार नको, रात्री आठनंतर नको. फेब्रुवारी-मार्चमध्ये शेजारी दहावी-बारावीचं पोर असेल तर त्याच्या अभ्यासाची वेळ विचारून घ्या. शेजारी कोणी गेलं असेल तर तेरा दिवस लेन बंद. तान्हं बाळ, रात्रपाळीचा माणूस, हृदयाचा रुग्ण कुठल्या घरात आहे हे तुम्हाला माहीत असायला हवं. कागदावर तुमचा फोन नंबर लिहा आणि सांगा, "त्रास झाला तर आधी मला फोन करा, मी तिथल्या तिथं थांबवीन." आणि फोन आला तर खरंच थांबवा, अगदी दहाव्या नेमावर असलात तरी.

सोसायटी, गाव, पोलीस

सोसायटीत राहत असाल तर व्यवस्थापक समितीला पत्र द्या आणि पोच घ्या. इतर सभासदांना उपद्रव होईल असं काही करायचं नाही, हे उपविधींत असतंच. तक्रार झाली तर ती त्याच आधारावर होते. स्टिल्ट (इमारतीखालची खांबांमधली मोकळी जागा), तळघर, जिन्याखालची जागा सामाईक असते, तिथं लेन नाही. खेडेगावात पोलीस पाटील आणि सरपंच यांना तोंडी सांगितलं तरी पुरतं, पण सांगाच. गावात 'अमक्याच्या मळ्यात गोळीबार' ही बातमी पसरायला एक दुपार लागते.

स्थानिक पोलीस ठाण्याला माहितीपत्र द्यावं. कायद्यानं हे बंधन नाही, तरी द्या. शेजारच्या नव्या भाडेकरूनं खिडकीतून नळी बघून ११२ ला फोन केला, तर ठाण्यात तुमचं पत्र आधीच असणं फार उपयोगी पडतं. मजकूर एवढाच पुरे :

"मी, खाली सही करणार, माझ्या राहत्या घराच्या तळमजल्यावरील बंदिस्त खोलीत ०.१७७ इंच बोअरच्या, २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या एअर रायफलवर १० मीटर नेमबाजीचा सराव करणार आहे. बंदुकीचा क्रमांक, सरावाची वेळ आणि संपर्क क्रमांक खाली दिला आहे. खरेदीचं बिल व क्लबच्या ओळखपत्राची प्रत जोडली आहे. माहितीस्तव सादर."

दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का घेऊन ती बंदुकीच्या पाकिटात ठेवा.

बंदूक घराबाहेर नेताना महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चं कलम ३७ लक्षात ठेवा. सण, निवडणुका, आंदोलनं यांच्या काळात या कलमाखाली हत्यारं बाळगण्यावर मनाई आदेश निघतात. त्या काळात क्लबला जायचं असेल तर आदेश वाचा, गरज पडली तर ठाण्यात विचारा. एरवीही बंदूक रिकामी, बंद पेटीत, गाडीच्या डिकीत. दुचाकीवर खांद्याला उघडी लटकवून कधीच नाही.

बाहेरच्या मुलांना फी घेऊन शिकवायला लागलात तर तो घरचा सराव राहत नाही. जमिनीचा वापर, बांधकाम, संघटनेची मान्यता असे सगळे प्रश्न सुरू होतात. त्याआधी जिल्हा संघटनेशी आणि नियोजन प्राधिकरणाशी बोलून घ्या.

जीव असलेल्या कशावरही नेम नाही

कावळा, कबूतर, माकड, साप, भटकं कुत्रं. कारण कितीही पटणारं असो. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि मारायला मुभा असलेल्या 'उपद्रवी प्राण्यां'ची जुनी अनुसूचीच निघून गेली. कुठल्याही प्राण्याला मारणं किंवा अपंग करणं यासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे. शेजारी पेरू खाणाऱ्या माकडांसाठी बंदूक मागायला येतील. नम्रपणे, पण प्रत्येक वेळी नकार द्या. एकदा दिलीत की गावाच्या लेखी तुमची लेन खेळाची राहत नाही.

माणसाच्या बाबतीत कायदा आणखी स्पष्ट आहे. इतरांच्या जिवाला किंवा सुरक्षिततेला धोका होईल असं बेपर्वा कृत्य त्याच संहितेच्या कलम १२५ मध्ये येतं. कोणाला काही लागलं नसलं तरी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा अडीच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गंभीर दुखापत झाली तर तीन वर्षांपर्यंत. शस्त्र अधिनियमात २०१९ च्या दुरुस्तीनं आलेलं कलम २५(९) निष्काळजी गोळीबारासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही सांगतं. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणंही त्यातच येतं.

शिसं

छर्रे शिशाचे असतात, आणि याकडं घरच्या लेनवर फार कमी लक्ष दिलं जातं. रोज १०० छर्रे, वर्षात ३०० दिवस, म्हणजे ३०,००० छर्रे, ०.५३ ग्रॅमनं जवळजवळ १६ किलो शिसं तुमच्या खोलीत वर्षभरात आलं. छर्रे प्लेटवर आदळले की बारीक धूळ होते. खोली झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा आणि ते फडकं वेगळं ठेवा. लेनवर चहा-खाणं नाही. सराव संपला की साबणानं हात, मग घरात वावर. छर्रे तोंडात धरायची सवय लहान मुलांना लवकर लागते, ती पहिल्याच दिवशी मोडा. पेटीतलं शिसं झाकणाच्या डब्यात साठवून शिसं घेणाऱ्या भंगारवाल्याला द्या. परसात, विहिरीजवळ किंवा कचऱ्यात टाकू नका. चिंध्या बदलताना मास्क लावा आणि त्या जाळू नका.

रोज सुरू करताना

दाराची कडी, लाल दिवा, डोळ्यावर चष्मा. बंदूक पेटीतून काढल्यापासून परत ठेवेपर्यंत नळी टार्गेटच्या दिशेला. छर्रा भरताना नळी छताकडं किंवा बाजूला फिरवायची सवय लागली तर ती मोडायला वर्ष जातं, आणि चुकून सुटणारा छर्रा बहुतेक वेळा भरतानाच सुटतो. मध्ये थांबलात, फोन घेतलात, पाणी प्यायला गेलात, तर बोल्ट (छर्रा भरायची मागची खिटी) उघडा आणि नळीत केशरी सेफ्टी फ्लॅग, म्हणजे नळी रिकामी असल्याची खूण, घाला. लहान मूल एकटं कधीच नेम धरणार नाही. मोठं माणूस त्याच्या मागं, हाताच्या अंतरावर.

हवेचा सिलिंडर २०० बारपर्यंत भरलेला असतो. उन्हात, गाडीच्या काचेमागं ठेवू नका, आणि त्यावरची मुदत बघत जा. स्पर्धेत दहा वर्षांहून जुना सिलिंडर चालत नाही, तो घरीही चालवू नये.

तक्रार आली तर

त्या दिवशीचा सराव तिथंच थांबवा. नियम सांगत बसू नका. आधी विचारा, नक्की काय झालं, किती वाजता, कुठल्या खोलीत ऐकू आलं. काच फुटली किंवा छर्रा सापडला असं कोणी म्हणालं तर तो छर्रा बघा. स्पर्धेतला छर्रा सपाट डोक्याचा असतो. टोकदार किंवा गोल डोक्याचा निघाला तर तो तुमचा नाही, पण हे शांतपणे, त्यांच्यासमोर तुमचा डबा उघडून दाखवा. तुमचाच निघाला तर भरपाई त्याच दिवशी द्या आणि छर्रा फळीबाहेर गेला कसा ते शोधेपर्यंत लेन बंद ठेवा. बहुतेक वेळा कारण मधलं दार, सरकलेली फळी किंवा पाहुण्याच्या हातात दिलेली बंदूक यांपैकी एक असतं.

पोलीस आले तर बंदूक टेबलावर ठेवा, बोल्ट उघडा, फ्लॅग घाला, आणि मग दार उघडा. पाकिटातलं बिल, ओळखपत्र आणि शिक्का मारलेली प्रत पुढं करा. खोली आणि भिंत दाखवा, आणि ज्या शेजाऱ्यानं फोन केला त्याचं नाव विचारू नका.

सहा महिन्यांनी शेजाऱ्यांकडं पुन्हा एक फेरी मारा. नवीन भाडेकरू आला असेल, वरच्या मजल्यावर बाळ झालं असेल, समोरच्या मोकळ्या प्लॉटवर बांधकाम सुरू झालं असेल आणि मजूर भिंतीपलीकडं झोपडी टाकून राहत असतील. अशा वेळी वेळापत्रक बदला, फळी पुन्हा तपासा, आणि जो नवीन आलाय त्याला खाली बोलवून पेटी, फळी, भिंत त्याच क्रमानं दाखवा.